घर सोडण्याचा कागद

भाड्याचे घर घेताना करार लिहिला जातो, मुद्रांक शुल्क भरले जाते, दोन्ही पक्षांचे अंगठे आणि छायाचित्रे यंत्रावर उमटतात, दोन साक्षीदार आपापली ओळखपत्रे घेऊन हजर होतात, पोलीस ठाण्याकडे भाडेकरूची माहिती पाठविली जाते, आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांना या सर्वांची एकेक नक्कल पोहोचल्यावरच सामानाचा टेम्पो फाटकातून आत येतो. परंतु तेच घर सोडण्याची वेळ आली, म्हणजे हा सगळा लेखनव्यवहार एकाएकी अंतर्धान पावतो; आणि जिन्यात गाठ पडली असता ‘काका, पुढच्या महिन्यात आम्ही जागा सोडतोय बरं का’ एवढ्या एका वाक्यावर, किंवा रात्री उशिरा फोनवर धाडलेल्या दोन ओळींवर, पन्नास-साठ हजारांच्या अनामतीचा आणि दोन कुटुंबांच्या पुढील बेतांचा सगळा भार ठेवला जातो. प्रवेशाला दहा कागद आणि निर्गमनाला एकही नाही, ही आपल्या शहरी गृहव्यवहारातील विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याकडे विसंगती म्हणून पाहण्याचेही कोणाला सुचत नाही.

माझे म्हणणे असे, की भाडेकरूने जागा सोडताना घरमालकाला तारखेची, सहीची आणि पोच घेतलेली लेखी नोटीस दिलीच पाहिजे. घरमालक कितीही सज्जन असो, संबंध कितीही घरोब्याचे असोत, आणि करारात तसे कलम ठळकपणे लिहिलेले असो वा नसो. किंबहुना जेथे संबंध घरोब्याचे आहेत, तेथे हा कागद अधिकच अगत्याचा आहे. कारण परक्या माणसाशी झालेला पैशाचा वाद वादापुरताच राहतो, परंतु ज्याच्याकडे आपण दिवाळीचा फराळ पोहोचविला, त्याच्याशी झालेला वाद माणसाला कायमचा कडवट करून जातो.

या सूचनेला जो विरोध होतो, तो कायद्याच्या बाजूने होत नाही. तो संकोचाच्या बाजूने होतो. ‘नोटीस द्यायला आमचं काय भांडण झालंय?’ असे भाडेकरू म्हणतो, आणि असा कागद हाती पडताच घरमालकही नेमके तेच म्हणतो: ‘अहो, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं, एवढं कोर्टकचेरीसारखं कशाला?’ दोघांच्याही मनात या कागदाविषयी जी अढी आहे, ती निष्कारण निर्माण झालेली नाही. तिच्यामागे या राज्याचा, विशेषतः मुंबईचा, सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे; आणि तो ध्यानात घेतल्यावाचून हा संकोच दूर होणे कठीण आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबई इलाख्यात भाडेवाढीला आळा घालणारा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकली, आणि भाडेकरूला त्याच्या खोलीतून काढणे जवळजवळ दुरापास्त केले. गिरणगावातल्या चाळीपासून गिरगावातल्या माडीपर्यंत असंख्य कुटुंबांना या कायद्याने निवारा दिला, हे त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की पिढ्यानुपिढ्या कोणी आपण होऊन जागा सोडलीच नाही. आजोबांच्या नावावरची भाडेपावती वडिलांच्या नावावर आणि वडिलांच्या नावावरची मुलाच्या नावावर होत गेली. आणि ज्याला जागा सोडायचीच होती, तो ती पागडी घेऊन सोडी, म्हणजे तिचा सौदा करी, आणि १९९९ पूर्वी हा व्यवहार कायद्याला मान्य नसल्यामुळे त्याचा कागद करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. अशा समाजात भाडेकरूने घरमालकाला ‘मी अमुक तारखेस जागा खाली करीत आहे’ असे लिहून देण्याची परिपाठी रुजावी तरी कशी? नोटीस येई ती घरमालकाकडून, वकिलामार्फत, थकबाकीच्या किंवा पोटभाडेकरू ठेवल्याच्या आरोपासह; आणि ती आली, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या दिसू लागत. भाडेव्यवहारातील लेखी पत्र हे युद्धाचे पत्र होय, हा संस्कार आपल्या मनावर झाला, तो तेथून.

त्यानंतर १९७३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे कोणी केवळ परवान्याने, म्हणजे ज्याला आपण ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतो त्या व्यवस्थेने, जागा वापरीत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ज्या घरमालकांनी तात्पुरती म्हणून जागा दिली होती, त्यांना ती कायमची गेल्याचा अनुभव आला. आणि तेव्हापासून कागद म्हटला की घरमालकही दचकू लागला. पावती द्यावी तर त्यातून हक्क निघेल, पत्राची पोच द्यावी तर ती उद्या आपल्याच अंगावर येईल, या धास्तीने अनेकांनी घरे कुलपात ठेवणे पसंत केले, आणि ज्यांनी दिली त्यांनी अकरा-अकरा महिन्यांच्या करारांनी दिली. एका बाजूला भाडेकरूची कागदाविषयीची भीती आणि दुसऱ्या बाजूला घरमालकाची कागदाविषयीची भीती, अशा दोन भयांच्या मधोमध आपली तोंडी बोलण्याची रीत टिकून राहिली.

मात्र ज्या परिस्थितीत ही रीत जन्मास आली, ती परिस्थिती आता उरलेली नाही. गोठलेल्या भाड्यांची ती तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस सांगितले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा अमलात आला. आणि आज पुण्यातल्या हिंजवडी-खराडीत, ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर किंवा नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर जो तरुण नोकरदार भाड्याने राहतो, त्याला ती जागा मुलाच्या नावावर करून द्यावयाची नसून दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जावयाचे असते. राहणारी माणसे फिरती झाली. घर सोडण्याची रीत मात्र, ज्या काळी कोणी घर सोडीत नसे, त्याच काळातली राहिली.

नव्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने भाडेकरार अथवा परवाना-करार लेखी असलाच पाहिजे व नोंदविलेला असलाच पाहिजे असे ठरविले, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली, ती न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या, आणि करार नोंदविलेला नसेल, तर त्यातील अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरावे, असेही म्हटले. याच कायद्याच्या २४ व्या कलमाने परवान्याची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट दिली, आणि मुदतीनंतरच्या वापराबद्दल करारातील मोबदल्याच्या दुप्पट दराने भरपाईची तरतूद केली. घरमालकाची जुनी धास्ती दूर व्हावी म्हणून हे आवश्यकच होते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. परंतु यातून निर्माण झालेला असमतोलही पाहिला पाहिजे: भाडेकरूने घर अडविले, तर घरमालकासाठी स्वतंत्र प्राधिकारी आहे, घरमालकाने अनामत अडविली, तर भाडेकरूला मात्र सर्वसाधारण दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता धरावा लागतो, आणि चाळीस-पन्नास हजारांसाठी तो रस्ता कोणी शहाणा माणूस सहसा धरीत नाही. ज्याच्या हाती न्यायालय पोहोचण्याजोगे नाही, त्याच्या हाती निदान कागद तरी असावा. लेखी नोटीस हे भाडेकरूचे शस्त्र आहे असे मी म्हणणार नाही. पण ते त्याचे एकमेव कवच आहे, हे म्हणावेच लागते.

आता हे कवच नसले म्हणजे काय होते, याचा एक नमुना घेऊ. समजा, दरमहा अठरा हजार रुपये भाडे आहे, साठ हजार अनामत आहे, आणि करारात ‘एक महिन्याची पूर्वसूचना’ एवढेच लिहिले आहे. भाडेकरूने ५ जूनला जिन्यात सांगितले, की आम्ही ५ जुलैला जाऊ. घरमालकाने मान डोलावली. पण त्याच्या मते ते नुसते बोलणे होते, आणि खरे काय ते त्याला २० जूनला फोन आला तेव्हा समजले. तेव्हा महिना २० जुलैला भरतो, आणि १५ दिवसांचे नऊ हजार रुपये अनामतीतून वजा झाले पाहिजेत. या प्रसंगात दोघांपैकी कोणीही लबाड असण्याची गरज नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. भाडेकरूला आपण सांगितल्याचे स्मरते; घरमालकाला भाडेकरू ‘बहुतेक जाऊ’ असे म्हणाल्याचे स्मरते; आणि स्मरणशक्ती ही नेहमी ज्याची त्याच्या खिशाच्या बाजूने साक्ष देत असल्यामुळे दोघेही प्रामाणिकपणे एकमेकांना खोटे ठरवितात. ५ जूनची तारीख घातलेली चार ओळींची चिठ्ठी आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर घरमालकाची सही एवढे असते, तर नऊ हजारांचा हा वाद उद्भवलाच नसता, आणि दोन भल्या माणसांचा एकमेकांविषयीचा आदरही शाबूत राहिला असता.

कायद्याने या बाबतीत काही नवे मागितले आहे, असेही नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा अधिनियम आजही अमलात आहे, आणि त्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल आणि तशी स्थानिक रूढीही नसेल, तर राहत्या घराचा भाडेपट्टा महिन्यामहिन्याचा समजावा, व तो दोहोंपैकी कोणाही पक्षाला १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता यावा. ही नोटीस लेखी असावी, देणाराची किंवा त्याच्या वतीने सही असावी, आणि ती टपालाने पाठवावी, किंवा प्रत्यक्ष त्या व्यक्तीच्या हाती, अथवा तिच्या निवासस्थानी घरच्या माणसाच्या किंवा नोकराच्या हाती द्यावी, आणि यांपैकी काहीच शक्य नसेल, तर मिळकतीच्या ठळक भागावर चिकटवावी, असे तपशीलवार मार्गदर्शन त्या कलमात केलेले आहे. पूर्वी ही नोटीस भाडेमहिन्याच्या अखेरीसच संपली पाहिजे, असा दंडक होता, आणि एका दिवसाच्या चुकीपायी मुदत चुकल्याचा आक्षेप उभा राहत असे. २००२ च्या दुरुस्तीने तो काच दूर केला. आजचे बहुसंख्य करार हे भाडेपट्टे नसून परवाने असल्यामुळे त्यांना हे कलम जसेच्या तसे लागत नाही, व तेथे करारातील कलमच प्रमाण मानावे लागते. म्हणून नोटीस लिहिण्यापूर्वी पहिले काम एकच: करार काढून तो शेवटपर्यंत वाचणे. त्यात अमुक महिने कोणीही करार मोडू नये असे, ज्याला दलाल लोक ‘लॉक-इन’ म्हणतात ते, बंधन आहे काय. पूर्वसूचना एक महिन्याची आहे की दोन. आणि ती कोणत्या पत्त्यावर द्यावयाची आहे, एवढे तरी पाहिलेच पाहिजे. अनेक घरांत हा करार सही केल्यानंतर पुन्हा उघडला जातो, तो वाद झाल्यावरच.

नोटीस कशी असावी, याविषयी लोकांच्या मनात विनाकारण बागुलबोवा आहे. तिला वकील लागत नाही, इंग्रजी लागत नाही, आणि ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून’ अशा भाषेची तर मुळीच गरज नाही. पुढील मजकूर पुरेसा आहे:

‘सा. न. वि. वि. दिनांक अमुक रोजी नोंदविलेल्या करारान्वये आपल्या मालकीची अमुक पत्त्यावरील सदनिका मी वापरीत आहे. करारातील अमुक कलमाप्रमाणे एक महिन्याची पूर्वसूचना देऊन कळवितो, की दिनांक ३१ ऑगस्ट रोजी सायंकाळी पाच वाजता सदर सदनिकेचा रिकामा ताबा सर्व किल्ल्यांसह आपणांस देईन. त्या वेळी आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने हजर राहून पाहणी करावी, आणि माझ्या अनामतीची रक्कम रुपये साठ हजार, त्या दिवसापर्यंतच्या वीजबिलाची बाकी वजा करून, परत करावी, ही विनंती. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी. कळावे.’

या पत्रात काय आहे, याहून काय नाही हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. जागा का सोडीत आहोत, याचे कारण त्यात नाही. कारण ते सांगण्याची जबाबदारी सहसा कोणता करार टाकीत नाही, आणि कारण लिहिले की त्याचे खंडन सुरू होते. मोरीतून झिरपणारे पाणी, वरच्या मजल्यावरचा गोंगाट, वर्षभर न बदललेला गीझर, यांची तक्रारही त्यात नाही. त्या तक्रारी खऱ्या असतील, तर त्यांचे पत्र वेगळे असावे, आणि ते त्या त्या वेळीच जावयास हवे होते. ‘बहुधा’, ‘शक्य झाल्यास’, ‘महिनाअखेरच्या सुमारास’ असले सैल शब्दही त्यात नाहीत. तारीख, वेळ, रक्कम, ताबा व पोच या पाच गोष्टींभोवती ते पत्र गुंफले आहे, आणि सहावी गोष्ट त्यात आली, की ते दुबळे होते. करारावर तीन मित्रांच्या सह्या असतील, तर पत्रावरही तिघांच्या सह्या असाव्यात. एकटाच जाणार असेल, तर उरलेल्या दोघांनी व घरमालकाने मिळून नवी व्यवस्था लिहून ठेवावी. नाहीतर गेलेल्याच्या वाट्याची अनामत कोणी द्यायची, याचे उत्तर पुढे कोणापाशीच नसते. तसेच सदनिका पती-पत्नीच्या संयुक्त मालकीची असेल, तर पत्र दोघांच्याही नावे जावे. आणि व्यवहार पाहणारा पुतण्या किंवा मुखत्यार असेल, तर त्याला नक्कल द्यावी, पण मूळ पत्र करारात ज्याचे नाव आहे त्यालाच.

हे पत्र पोहोचविण्याची सर्वांत सभ्य रीत म्हणजे ते स्वतः घेऊन जाणे, चहा घेणे, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून तारखेसह सही घेणे. घरमालक परगावी असेल किंवा सही करण्यास का-कू करील, तर टपालखाते आहेच. १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाने असे मानले आहे, की योग्य पत्ता लिहून, हशील भरून नोंदणीकृत टपालाने धाडलेले पत्र, उलट सिद्ध न झाल्यास, पोहोचले असेच धरावे. त्यामुळे ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेला लिफाफाही न उघडता जपून ठेवावा, कारण तो नकार हाच पुष्कळदा पोच मिळाल्याचा पुरावा ठरतो. टपालखात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पत्राची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली असली, तरी पावती आणि पोच यांचे महत्त्व रतिभरही कमी झालेले नाही.

येथे कोणी विचारील, की आजच्या युगात व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरेसा का नसावा? प्रश्न गैरवाजवी नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक लेखनाला कागदी लेखनाचा दर्जा दिला आहे, आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठविलेली नोटीस, ती उघडून पाहिल्याची खूण उमटली म्हणून, बजावलेली मानली. तेव्हा निरोप अवश्य पाठवावा, ईमेलही पाठवावा. परंतु ते कागदाच्या जोडीला, कागदाच्या जागी नव्हेत. फोन बदलतो, क्रमांक बदलतो, ‘मेसेज डिलीट’ होतो, आणि मुख्य म्हणजे सुप्रभातीची फुले, लग्नपत्रिका आणि पाणी कधी येणार याची चौकशी यांच्या गर्दीत पाठविलेला निरोप घरमालक निरोप म्हणूनच वाचतो. आपल्या हाती निर्णय आला आहे, हे त्याच्या मनावर ठसविण्याचे काम सहीचा कागदच करतो.

नोटीस दिली म्हणजे काम संपले असेही नाही. तिची सांगता ताबा देण्याच्या दिवशी होते, आणि सर्वाधिक गैरसमज त्याच अर्ध्या तासात होतात. सामान उतरविले आहे, टेम्पोवाला खाली भोंगा वाजवीत आहे, घरमालकीणबाई हॉलच्या भिंतीवरून हात फिरवीत खिळ्यांची भोके मोजीत आहेत, आणि ‘रंगाचे पंधरा हजार तरी कापावे लागतील हो’ हे वाक्य त्या घाईत उच्चारले जाते. दीर्घ वास्तव्याने रंग उडणे, नळाची चकती झिजणे, फरशीची चमक जाणे ही घराची स्वाभाविक झीज होय, आणि वाजवी झीज सोडून जागा मिळाली तशी परत करावी, एवढेच भाडेकरूवरचे बंधन १८८२ च्या त्याच अधिनियमाने सांगितले आहे. फुटलेली काच किंवा जळालेला ओटा हे अर्थातच वेगळे. करारात रंगाविषयी स्वतंत्र अट असेल, तर ती पाळावीच लागेल. नसेल, तर पुढच्या भाडेकरूसाठी लावावयाचा रंग मागच्याच्या अनामतीतून लावणे हे न्याय्य नाही. म्हणून टेम्पो निघण्यापूर्वी, खोल्या रिकाम्या असताना, दोघांनी मिळून एकदा फिरावे, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्यावा, किल्ल्यांचे जुडगे मोजून द्यावे, आणि ‘ताबा मिळाला, किल्ल्या मिळाल्या, इतकी रक्कम या कारणासाठी वजा करून बाकी अनामत परत दिली’ अशी तीन ओळींची पावती दोघांच्या सह्यांनिशी करावी. या पावतीशिवाय दिलेल्या किल्ल्या म्हणजे अनामतीवरचा निम्मा हक्क सोडून देणे होय.

आतापर्यंतचे विवेचन भाडेकरूच्या बाजूने झाले, त्यामुळे घरमालकाच्या बाजूचे दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. आपल्याकडचा घरमालक हा बहुधा धनाढ्य जमीनदार नसतो. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून दुसरी सदनिका घेऊन तिच्या भाड्यावर औषधपाण्याचा खर्च भागविणारा शिक्षक, किंवा पतीच्या पश्चात वाड्यातल्या दोन खोल्यांवर संसार चालविणारी बाई, असाही तो पुष्कळदा असतो. घेतलेली अनामत त्याने बँकेत मुदतठेवीत ठेवलेली असते, किंवा मुलीच्या फीमध्ये खर्चही केलेली असते. आणि भाडेकरूने आठवड्यापूर्वी जिन्यात सांगितले, तर ती रक्कम जमवायची कोठून, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. अनामत परत देण्यात होणारी पुष्कळशी दिरंगाई ही दुष्टपणाची नसून तयारीच्या अभावाची असते. महिनाभर आधी, आकड्यासह आलेले पत्र त्याला ठेव मोडायला, नवा भाडेकरू शोधायला, आणि मधल्या रिकाम्या दिवसांचे नुकसान टाळायला अवधी देते. या दृष्टीने पाहता भाडेकरूची लेखी नोटीस घरमालकाच्या हिताची अधिकच आहे, आणि ती पाहून त्याने रागावावे याइतके स्वतःच्या हिताविरुद्ध दुसरे वर्तन नाही. त्याच न्यायाने करार मुदतीपूर्वी संपवू पाहणाऱ्या घरमालकानेही, करार तसा अधिकार देत असेल तर, तो लेखीच वापरावा. ‘मुलगा अमेरिकेहून येतोय, पंधरा दिवसांत बघा’ असे सांगून पाणी तोडणे किंवा कुलूप बदलणे हा त्याचा हक्क नव्हे.

एक वर्ग मात्र या सर्व विवेचनाच्या बाहेर राहतो, आणि त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे-पाच जण राहणारी मुले-मुली कोणत्या कराराच्या आधारे नोटीस देणार? त्यांच्यापाशी पुष्कळदा नोंदविलेला करार तर नसतोच, भाड्याची पावतीही नसते, आणि गावाकडून आलेली दोन-तीन महिन्यांची अनामत ‘पुढची मुलगी आली की देते’ या आश्वासनावर अडकून पडते. त्यांनीही कागद लिहावाच, आणि भाडे बँकेमार्फत द्यावे, म्हणजे निदान देण्याघेण्याचा माग राहील. परंतु येथे दोष त्यांच्या अनभिज्ञतेपेक्षा अधिक त्या घरमालकांचा आहे, ज्यांना नोंदणी नको असते, कारण तिच्याबरोबर हिशेबही येतो.

आता उपायाविषयी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि रिकामा ताबा घेतानाच, वाजवी वजावटी करून, ती परत द्यावी, असे तत्त्व मांडले आहे. महाराष्ट्रातले भाडेव्यवहार पाहता हे तत्त्व येथे आणण्यासारखे आहे. पण त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. नोंदणी विभागाच्या परवाना-कराराच्या नमुन्यालाच दोन कोरी पाने जोडता येतील: एक ‘जागा सोडण्याच्या पूर्वसूचने’चे, आणि दुसरे ‘ताबा व अनामत परतफेडीच्या पावती’चे. करार करतेवेळी दोन्ही पक्षांच्या हाती ही पाने पडली, म्हणजे वर्षाने ती भरताना कोणालाच ती अपमानास्पद वाटणार नाहीत. ज्या कागदाची तयारी मैत्रीच्या दिवशी झालेली असते, तो निरोपाच्या दिवशी शत्रुत्वाचा वाटत नाही. गृहनिर्माण संस्थांनीही नव्या भाडेकरूकडून जशी कागदांची मागणी करावी, तशीच जाणाऱ्या भाडेकरूच्या ताबापावतीची एक नक्कल दप्तरी ठेवावी. आणि जे दलाल घर मिळवून देण्याची एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मोजून घेतात, त्यांनी निदान ही दोन पाने समजावून सांगण्याची तरी तसदी घ्यावी.

शासन हे जेव्हा करील तेव्हा करो. तोवर भाडेकरूला एक कोरा कागद, त्याची एक प्रत आणि कॅलेंडरवरची एक तारीख यांखेरीज काही लागत नाही. आणि घरमालकानेही तो कागद हाती येताच कपाळाला आठी न घालता दुसऱ्या प्रतीवर सही करून द्यावी. कारण त्या सहीने तो भाडेकरूवर उपकार करीत नसून, आपले घर नेमके कोणत्या दिवशी आपल्या हाती येणार आहे, हे स्वतःसाठीच पक्के करून घेत असतो.